जुन्या पंपास नवी मोटर

लग्नाचा मोसम आला म्हणजे आपल्याकडे घरोघरीं पत्रिका उघडल्या जातात. वर्ण, वश्य, तारा, योनि, ग्रहमैत्री, गण, राशि आणि नाडी अशीं आठ कूटें घेऊन छत्तीस गुणांपैकीं किती जुळले याचा हिशेब मोठ्या कसोशीनें केला जातो. या प्रथेंत तथ्य किती, हा वाद आम्ही येथें उपस्थित करीत नाहीं. परंतु माणसांची जोडी जुळवितांना छत्तीस गुण पाहणारा गृहस्थ यंत्रांची जोडी जुळवावयास बाजारांत गेला म्हणजे एकच गुण पाहून मोकळा होतो, हें आम्हीं आमच्या स्वतःच्या घरीं पाहिलें आहे आणि त्याचें फळहि भोगलें आहे. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवावासा वाटला. यंत्रविषयक माहिती त्यांत आहेच. पण त्याबरोबर आमच्या वागणुकीचा एक दोषहि त्यांत आहे, आणि तो कबूल केल्यावांचून ती माहिती पुरी होणार नाहीं.

आमचें घर कर्वेनगरांत आहे. मुठेच्या कांठचें हें गांव पूर्वीं हिंगणें बुद्रुक या नांवानें ओळखलें जाई. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं येथें, त्या काळच्या आडरानांत, आणला. आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे हे प्रोफेसर शहरांतून आश्रमांत पायीं ये-जा करीत, ही हकीकत पुणेकरांस नव्यानें सांगणें नको. आज त्या आडरानाची खूणहि राहिलेली नाहीं. रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानें दाटीनें उभीं आहेत. महर्षींच्याच संस्थेनें १९९१ सालीं येथें मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें, आणि आमच्या पुतण्याची मुलगी त्याच महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकत आहे.

आमच्या थोरल्या बंधूंनीं या रस्त्यावर मोटारी व दुचाक्या दुरुस्त करण्याचें दुकान थाटलें होतें. आमच्या घराण्यांत पाठशाळा आणि कारकुनी यांपलीकडे तोंवर कोणी गेलें नव्हतें. तेव्हां भिक्षुकाच्या मुलानें टायरांत हवा भरावी काय, असें चार नातलगांनीं नाक मुरडून विचारलेंच. बंधूंचें उत्तर ठरलेलें असे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या धंद्यास हात घातला, म्हणून १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि त्याच वंशविस्तारांत १९५८ सालीं पुण्यास हवेचे कॉम्प्रेसर करणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी निघाली. "हवा भरणें हलकें काम असेल, तर ती भरणारें यंत्र करणें भारी कसें?" असें ते विचारीत, आणि नातलग गप्प बसत.

या दुकानांत १९८६ सालीं बंधूंनीं एक कॉम्प्रेसर आणून बसविला. बंधू गेले, दुकान पुतण्याकडे आलें, पण घरची मंडळी त्या यंत्रास अजून 'दादांचा पंप' असेंच म्हणतात. टायर भरणें, चक्रें उघडणारीं अवजारें चालविणें, गाडीस रंगाचा फवारा मारणें, सारें काम त्या एका पंपावर चालतें. आणि अकरा माणसांच्या आमच्या एकत्र कुटुंबाच्या खर्चाचा मोठा वांटा त्या दुकानांतून येतो. म्हणून पंप बंद पडणें ही आमच्या घरीं लहान गोष्ट नाहीं.

ज्यांनीं हें यंत्र जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. सायकलच्या चाकांत हवा भरण्याचा हातपंप सर्वांच्या परिचयाचा आहे. दट्ट्या वर ओढला कीं बाहेरची हवा नळकांड्यांत येते. खालीं दाबला कीं ती आकुंचन पावून चाकांत जाते. दहा-पांच मिनिटें हात चालविला तर पंपाचें बूड चटका देऊं लागतें, कारण हवा दाबली म्हणजे ती तापते हा निसर्गाचा नियमच आहे. कॉम्प्रेसर म्हणजे हाच पंप. फक्त हाताच्या जागीं विजेची मोटर आणि चाकाच्या जागीं भक्कम लोखंडी टाकी. पंपाच्या दांड्यावर एक जड फ्लायव्हील असतें, मोटरच्या दांड्यावर लहान पुली असते, आणि त्या दोहोंना रबरी पट्टा जोडतो. फ्लायव्हीलचे आरे पंख्याच्या पात्यांसारखे वळविलेले असतात, ते फिरतां फिरतां पंपावर वारा घालून त्यास थंड ठेवितात. सारांश, पंप हा एक स्वतंत्र प्राणी आणि मोटर हा दुसरा. दोघांचें कूळ निराळें, आणि पुष्कळदां वयहि निराळें.

संस्कृतांत 'युज्' म्हणजे जोडणें. योग, योग्य, युक्त, योजना हे सारे शब्द त्याच धातूपासून निघाले. आणि बैलांच्या मानेवर ठेवतात तें 'युग', म्हणजे आपलें मराठी जूं, तेंहि त्याचेंच अपत्य. जोडलेलें तें योग्य असेलच असें नाहीं, पण योग्य ठरावयाचें तर नीट जोडलें गेलें पाहिजे, एवढें त्या धातूच्या पोटांत आहे. एका जुवाखालीं एक धांवरा आणि एक संथ बैल जुंपला तर नांगराची काय दशा होते तें शेतकऱ्यास विचारावें. आमच्या दुकानांत हेंच घडलें.

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं दुकानास येणाऱ्या विजेच्या तीन फेजांपैकीं एक गेला. तीन फेजची मोटर उरलेल्या दोहोंवर कशीबशी फिरत राहिली, गुणगुणली, तापली, आणि तिचें वाइंडिंग जळलें. अशा वेळीं मोटर तोडून तिचें रक्षण करणारा रिले बंधूंच्याच वेळचा. तो वेळेवर उडाला नाहीं. वाइंडिंग पुन्हां भरून घेतलें असतें तर चाललें असतें. गाभ्याचे पत्रे जळालेले नसतील तर चांगला वाइंडर जुनी मोटर पुष्कळ वर्षें चालेल अशी करून देतो. परंतु त्यास चार-पांच दिवस लागणार होते. पुतण्या घाईंत होता. तो बाजारांत गेला आणि 'दोन अश्वशक्तीची, तीन फेजची मोटर' मागून घेऊन आला. विक्रेत्यानें जें मागितलें तेंच दिलें; त्यास बोल लावतां येत नाहीं.

नवी मोटर जुनीपेक्षां थोडी आंखूड होती. जुन्या मोटरची पुली काढून तिच्या दांड्यावर घातली, ती चपखल बसली. त्यामुळें सर्वांची खात्री पटली कीं मोटर बरोबरच आहे. फक्त पायांचीं भोंकें जुळेनात. जुन्या मोटरच्या पायांचीं पुढची आणि मागची भोंकें परस्परांपासून १२५ मिलिमीटर दूर होतीं, नवीचीं १००. तेव्हां लोखंडी बैठकीस दोन नवीं भोंकें पाडलीं. मोटर किंचित् सरकल्यामुळें पट्ट्यावरची जाळी बसेना, ती काढून माळ्यावर टाकली. हें चालूं असतां आमची नात (पुतण्याची मुलगी ती आमची नातच) महाविद्यालयांतून येतां येतां दुकानांत डोकावली. तिनें वांकून नव्या मोटरची पाटी वाचली आणि म्हणाली, "बाबा, हिच्यावर २८८० लिहिलंय. जुनीवर १४४० होतं. पंप दुप्पट धांवेल."

"दोन अश्वशक्ति मागितली, दोन अश्वशक्ति मिळाली," पुतण्या म्हणाला. "आणि जास्त धांवला तर बरंच. टाकी लवकर भरेल."

ती पुन्हां कांहीं बोलूं लागली, तेव्हां आम्ही तेथेंच स्टुलावर बसलेले होतों. आम्हीं तीस म्हटलें, "बाळ, मोठ्यांचं काम चाललं असतां मध्यें बोलूं नये." ती गप्प झाली. तीस-पस्तीस वर्षें वर्गांत 'शंका विचारा, शंका विचारा' म्हणून कंठशोष केलेल्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पंप सुरू झाला. टाकी पूर्वींच्या जवळजवळ निम्म्या वेळांत भरली. पुतण्या हंसला, आम्हींहि नव्या मोटरचें कौतुक केलें. दुपारपर्यंत पंपाचें डोकें इतकें तापलें कीं त्यावर पडलेला पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला. तेल जळल्याचा वास येऊं लागला. नवा रिले बसविला होता, तो वरचेवर उडूं लागला. तेव्हां दुकानांतील एका कारागिरानें स्क्रू पिळून त्याची मर्यादा वाढवून ठेविली. वैद्यानें नाडी पाहून ताप सांगावा आणि घरच्यांनीं वैद्यासच हांकलून द्यावें, त्यांतला हा प्रकार! तिसऱ्या दिवशीं पंपाच्या आंतील झडपेची पात तुटली, पंप क्षणभर अडकला, आणि धांवता पट्टा निसटून आसूडासारखा समोरच्या भिंतीवर आदळला. तेथें काम करणारा पोरगा पाना उचलण्यासाठीं नुकताच खालीं वांकला होता म्हणून वांचला. जाळी माळ्यावर होती.

त्या संध्याकाळीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. जेवणें झाल्यावर आम्हीं नातीस जवळ बोलावलें आणि म्हटलें, "परवां तूं सांगत होतीस तें आज पुरं कर. आमचं चुकलं." ती 'मीं सांगितलं होतं' असें एका शब्दानें बोलली नाहीं. तिनें आपल्या वडिलांपुढें वही ठेवली आणि गणित मांडावयास सुरुवात केली.

पहिलें गणित वेगाचें. मोटरचा वेग तिच्या आंतील चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर आणि विजेच्या वारंवारतेवर ठरतो. आपल्या देशांत वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. १२० गुणिलें ५०, भागिलें ध्रुवांची संख्या, हें सूत्र. दोन ध्रुवांच्या मोटरचें चुंबकीय क्षेत्र त्यामुळें मिनिटास ३००० फेरे घेतें, चार ध्रुवांचें १५००, सहा ध्रुवांचें १०००. मोटर त्याच्या थोडी मागें राहते, म्हणून पाटीवर २८८०, १४४०, ९६० यांच्या आसपासचे आंकडे दिसतात. (अमेरिकन पुस्तकांत १७२५ आणि ३४५० असे वेग आढळतात; तेथील वीज ६० आवर्तनांची आहे. तेथील कोष्टक उचलून आपल्या पंपास लावूं नये.) आमच्या पंपाचें फ्लायव्हील १२ इंची, मोटरची पुली ५ इंची. पुली जितकी लहान तितका पंप हळू, फ्लायव्हील जितकें मोठें तितकाहि हळू. हें आमच्या पिढीस शाळेंत शिकविलेलें व्यस्त त्रैराशिकच होय. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें लीलावतीस संबोधून जें गणित सांगितलें त्यांत तें आहे. १४४० गुणिलें ५, भागिलें १२, म्हणजे ६००. दादांचा पंप मिनिटास ६०० फेरे घेत होता. नव्या मोटरनें तोच पंप १२०० फेरे फिरविला.

दुसरें गणित शक्तीचें. पंप आतां उघडाच पडला होता, तेव्हां तिनें आंतून मापें घेतलीं. दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची चाल ६० मिलिमीटर. एका सिलिंडरांत एका फेऱ्यास सुमारें २३१ घन सेंटिमीटर हवा येते, दोहोंत ४६२. मिनिटास ६०० फेऱ्यांनीं २७७ लिटर. परंतु सिलिंडराच्या डोक्याशीं थोडी हवा अडकून राहते, झडपा थोड्या गळतात, तापलेली हवा फुगते. म्हणून अशा लहान पंपांत सत्तर टक्क्यांच्या आसपास हवा टाकींत पोंचते असें धरावें. म्हणजे १९४ लिटर, किंवा पावणेसात घनफूट. टाकीचा दाब सात किलोपर्यंत नेणारा लहान एकटप्पी पंप साधारणतः एका अश्वशक्तींत साडेतीन घनफूट हवा देतो. पावणेसातास साडेतीनानें भागा, उत्तर दोन अश्वशक्तीच्या जवळ येतें. बंधूंची मोटर दोनच अश्वशक्तीची होती. बंधूंनीं अगर ज्या कारखान्यानें तो संच जुळविला त्यानें हें गणित बरोबर केलें होतें.

आतां वेग दुप्पट करा. हवा दुप्पट, म्हणून काम दुप्पट. दोन अश्वशक्तीच्या मोटरकडून चार अश्वशक्ति मागितली गेली, घर्षण वाढलें तें निराळेंच. या मोटरनें साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घ्यावयाचा. ती त्याच्या दुपटीकडे गेली, म्हणून रिले उडे. उष्णता दुप्पट निर्माण झाली, पण ती बाहेर टाकणाऱ्या पंखपट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून तेल जळून झडपांवर काजळी धरली. आणि दट्ट्याला दर फेऱ्यास थांबवून उलट फिरवावयाचें तर त्यास लागणारा झटका वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग दुप्पट तर झटका चौपट. पात तुटली यांत नवल नाहीं, ती तीन दिवस टिकली हेंच नवल.

पुतण्यानें विचारलें, "मग याच मोटरला निम्मी पुली लावली तर?" प्रश्न योग्य होता. गणितानें अडीच इंची पुली येते. परंतु आमचा पट्टा 'बी' जातीचा. तो पांच इंचांहून लहान पुलीवर वांकविला म्हणजे त्याचे धागे लवकर तुटतात. हलका 'ए' जातीचा पट्टा घ्यावा, तर त्यासहि निदान तीन इंची पुली हवी. शिवाय पुली लहान झाली कीं पट्टा तिला कमी वेढतो आणि घसरतो. म्हणजे या मार्गानेंहि जोडा जमत नव्हता. मोटर बदलणेंच प्राप्त होतें.

तिनें शेवटीं एक गोष्ट दाखविली ती आमच्या मनास फार लागली. मोटरच्या पाटीवर '९० एस' असें लिहिलें होतें, जुनीवर '९० एल'. ९० म्हणजे जमिनीपासून दांड्याच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्यें. दोघींची उंची एक, दोघींच्या दांड्याची जाडी २४ मिलिमीटर, म्हणूनच पुली चपखल बसली. पण 'एस' म्हणजे आंखूड, 'एल' म्हणजे लांब. दोन अश्वशक्तीची चार ध्रुवांची मोटर लांब अंगाची असते, दोन ध्रुवांची आंखूड. पायांचीं भोंकें जुळेनात तेव्हां मोटर आम्हांस सांगत होती कीं, मी ती नव्हे. आम्हीं नवीं भोंकें पाडून तिचें तोंड बंद केलें; आणि तेंच सांगणाऱ्या मुलीचेंहि.

या प्रसंगानंतर आम्हीं नातीच्या साहाय्यानें मोटर-पंपाचीं आठ कूटें एका कागदावर उतरून दुकानांत लावलीं आहेत. ज्यांच्या घरीं, कारखान्यांत अगर दवाखान्यांत असा जुना पंप असेल, त्यांच्या उपयोगासाठीं तीं येथें देतों.

पहिलें कूट वेगाचें. पत्रिकेंत नाडीस सर्वांत अधिक, म्हणजे आठ गुण आहेत. तेंच स्थान येथें वेगास द्यावें. जुन्या मोटरची पाटी वाचावी. ती पुसली असेल तर पंपाच्या पाटीवरून अगर त्याच्या पुस्तिकेवरून पंपाचे फेरे काढावे आणि पुलीचें त्रैराशिक मांडावें.

दुसरें शक्तीचें. नव्या पाट्यांवर किलोवॅट असतात. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, म्हणून दोन अश्वशक्ति म्हणजे दीड किलोवॅट. मोटर थोडी मोठी झाली तर वीजजोडणी आणि तारा तिला पुरतील एवढें पाहावें. लहान मात्र कधींहि घेऊं नये.

तिसरें आरंभाच्या जोराचें. पंख्याची मोटर रिकाम्या हवेंत सुरू होते, पंपाच्या मोटरला पहिल्याच फेऱ्यांत दट्ट्या ढकलावा लागतो. तीन फेजच्या साध्या मोटरला तो जोर असतो. एक फेजची घ्यावयाची असेल तर आरंभास आणि चालूं असतां, अशा दोन्ही वेळीं कपॅसिटर वापरणारीच घ्यावी. पंख्यासाठीं केलेली घेऊं नये. यंत्र थांबतांना 'फुस्स' असा आवाज येतो तोहि ऐकावा. पंपाच्या नळींतील दाब त्या वेळीं सोडला जातो, म्हणजे पुढच्या खेपेस मोटरला हलक्या हातानें सुरू होतां येतें. तो आवाज बंद झाला असेल, अगर सारखा येत राहिला, तर दोष झडपेंत आहे. मोटर बदलून तो जाणार नाहीं.

चौथें विजेचें. तीन फेज ४१५ व्होल्ट कीं एक फेज २३० व्होल्ट, हें दुकानाच्या मीटरवरून ठरतें. येथेंच जुनी मोटर कशानें मेली याचा शोध घ्यावा. एक फेज गेला असतां मोटर तोडणारें साधन आणि मोटरच्या पाटीवरील प्रवाहास लावलेला रिले, हीं दोन बसविल्यावांचून नवी मोटर आणणें म्हणजे रोग तसाच ठेवून रोगी बदलणें होय.

पांचवें दांड्याचें. दांड्याची जाडी, किल्लीची खांच, पुलीचें भोंक. पुली बसली म्हणजे मोटर जुळली असें नव्हे, हें वर आलेंच आहे.

सहावें बैठकीचें. ९० एस, ९० एल, १०० एल, हीं अक्षरें पाहावीं. भोंकें जुळत नसतील तर ड्रिल हातीं घेण्यापूर्वीं पाटी पुन्हां वाचावी.

सातवें दिशेचें. फ्लायव्हीलवर अगर पंपावर बाण असतो. उलट फिरलें तर पंप हवा देईल, पण आऱ्यांचा वारा पंपावर येणार नाहीं आणि तो तापेल. तीन फेजच्या मोटरच्या कोणत्याहि दोन तारा आपसांत बदलल्या कीं दिशा बदलते. हें काम वीज बंद करून जाणत्या माणसानेंच करावें.

आठवें कामाच्या स्वरूपाचें. दुकानांत धूळ, रंगाचे कण आणि तेल उडतें. म्हणून सर्व बाजूंनीं बंद आणि बाहेरच्या पंख्यानें थंड होणारी मोटर घ्यावी, आणि ती अखंड चालण्याच्या वर्गाची, पाटीवर 'एस १' असें लिहिलेली असावी.

याखेरीज एक नववें आहे, तें मोटरचें नव्हे. तें टाकीचें. दाबलेल्या हवेंतील पाणी टाकीच्या तळाशीं सांचतें आणि लोखंड आंतून गंजतें. बाहेरचा रंग शाबूत दिसतो. रोज तळाची तोटी उघडून पाणी काढावें, आणि चाळीस वर्षांच्या टाकीची परीक्षा जाणत्याकडून पाण्याच्या दाबानें करवून घ्यावी. हवेच्या दाबानें ती परीक्षा कधींहि करूं नये. दाबलेली हवा स्प्रिंगासारखी असते, टाकी फुटली तर तिचा स्फोट होतो. पाणी दबत नाहीं, म्हणून टाकी फुटली तरी पाणी वाहून जातें. आमच्या टाकीची अशी परीक्षा झाली, ती उतरली, आणि सुरक्षा-झडप मात्र नवी बसविली.

दीड किलोवॅटची, चार ध्रुवांची, १४४० फेऱ्यांची मोटर आली. ती जुन्या चार भोंकांवर बिनतक्रार बसली. नातीनें पुली आणि फ्लायव्हील यांच्या तोंडांवर दोरी ताणून दोन्हीं एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहिलें, पट्टा मध्यावर अंगठ्यानें दाबून अर्धा इंच लवतो इतका ताणला, आणि म्हणाली, "आतां जाळी." माळ्यावरून जाळी काढली. ती पुसतांना आंतल्या पत्र्यावर लाल रंगानें लिहिलेलीं अक्षरें दिसलीं. "१४४०. पुली ५. टाकी ६ मिनिटें." अक्षर बंधूंचें होतें. वहिनी त्या दिवशीं मुद्दाम दुकानांत आल्या होत्या. त्यांनीं तें लांबूनच ओळखलें.

टाकी १६० लिटरची आहे. सात किलोपर्यंत भरावयाची म्हणजे सातपट, ११२० लिटर हवा. नातीच्या हिशेबाप्रमाणें मिनिटास १९४ लिटर, तेव्हां पावणेसहा मिनिटें. रिकामी टाकी ठेवून पंप सुरू केला. आम्हीं घड्याळ धरलें. कांटा सातावर आला आणि फुस्स करून पंप थांबला तेव्हां सहा मिनिटांस कांहीं सेकंदच कमी होते. चाळीस वर्षांपूर्वीं एकानें घड्याळ लावून लिहिलेलें आणि आज दुसरीनें गणितानें काढलेलें उत्तर एकच निघालें. आणि दोन्हीं उत्तरें आमच्याजवळ होतीं. एक माळ्यावर टाकलें होतें, दुसरें आम्हीं 'मध्यें बोलूं नये' म्हणून दाबलें होतें.

पुतण्यानें त्याच रंगाचा डबा काढून मुलीच्या हातीं कुंचला दिला. बंधूंच्या ओळीखालीं तिनें नव्या मोटरचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि मग जाळी जागेवर बसविली. घरांत जुनें यंत्र असेल तर त्याच्या पाटीचें टांचण घरच्या हिशेबाच्या वहींत करून ठेवावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. पाटी पुसली जाते, लावणारा निघून जातो. आणि घरांतील लहान माणूस ती पाटी वाचून कांहीं सांगूं लागलें, तर हातांतलें काम क्षणभर थांबवून तें ऐकून घ्यावें. त्यास फार तर एक मिनिट लागतें; आमचे नऊ दिवस गेले, आणि एका पोराचा जीव जातां जातां राहिला.